चहा की कॉफी?

मित्र विचारतात, चहा की कॉफी? माझे उत्तर ठरलेले: चहा. दिवसाला चार कप, आलं जास्त, साखर कमी. कॉफी फक्त जागरणापुरती. पण आवडीनिवडीच्या या गप्पा ज्यांना परवडतात त्यांनी हेही ऐकावे. गावच्या हॉटेलात वडिलांचा कान तुटलेला कप बाहेर वळचणीला असायचा. चहा वरून ओतायचे; कप त्यांनीच विसळायचा. पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या १८९० च्या चहावरून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य आले. प्रायश्चित्ताची सोय तरी होती त्यांना! आमच्या कपाला कोणते प्रायश्चित्त होते? संविधानाच्या कलम १५ ने हॉटेलाचे दार उघडले, वळचणीचा कप मात्र पुढेही तिथेच होता. आजही कोणाकडे गेलो की मी आधी कप बघतो. सगळ्यांसारखाच असला, तर आणखी अर्धा मागतो.