डिझेलचा फिल्टर आणि आमची बदगुमानी

गेल्या पावसाळ्यात साखरप्याहून आंबा घाट चढताना आमचा ट्रक दोन वळणांवर गचके खाऊन तिसऱ्या वळणावर बंद पडला. ट्रकमध्ये चिरे भरलेले, बाहेर धो धो पाऊस आणि रात्रीचे साडेअकरा वाजलेले. चाचांचा फोन आला. ‘तुम्ही ठीक आहात ना?’ हे आम्ही आधी विचारायला हवं होतं. आम्ही विचारलं, ‘टाकीत डिझेल किती होतं?’

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग चाचा म्हणाले, ‘बेटा, टाकी भरलेली आहे. पावती खिशात आहे.’

आम्ही दोघे भाऊ. एक शाळेत शिकवतो, दुसरा मार्केट यार्डात भाडी बघतो. दोघांच्या बचतीतून हा सहाचाकी ट्रक जुना घेतला. कोल्हापूरचा गूळ रत्नागिरीला पोचवायचा आणि येताना कोकणातले चिरे आणायचे, हे त्याचं काम. चालवतात चाचा. ते अब्बांच्या वेळचे, आमच्याच मोहल्ल्यातले. आम्हाला त्यांनी कडेवर खेळवलेलं.

त्या उन्हाळ्यापासून गाडीचं ॲव्हरेज घसरत चाललं होतं. लिटरमागे साडेपाच किलोमीटर देणारी गाडी पावणेपाचवर आली. आम्ही वहीत आकडे मांडले, आणि आकड्यांनी आमच्या मनात जे यायला नको ते आणलं. तोंडाने आम्ही कधी काही बोललो नाही. फक्त विचारू लागलो की टाकी कुठल्या पंपावर भरली, पावती कुठे आहे, रात्री गाडी कुठे उभी होती. चाचा समजायचं ते समजले. ते प्रत्येक पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणू लागले. पूर्वी हिशेब झाला की अम्मीच्या हातचा चहा घेतल्याशिवाय ते उठत नसत. आता दारातूनच पिशवी देऊन परत जात. अम्मीने दोनदा विचारलं, ‘चाचा आत का येत नाहीत?’ आम्ही ‘घाईत असतील’ म्हणालो.

घाटात दुसऱ्या दिवशी सकाळी साखरप्याचा मेकॅनिक आला. त्याने पहिला फिल्टर खोलून एका बाटलीत रिकामा केला आणि बाटली आमच्यासमोर धरली. वर डिझेल, खाली बोटभर गढूळ पाणी आणि तळाशी काळा चिकट गाळ. एक लिटर डिझेल साधारण 820 ते 845 ग्रॅम भरतं, पाणी किलोभर. म्हणून पाणी नेहमी खाली बसतं. हे आम्ही वर्गात मुलांना तेल आणि पाणी एका ग्लासात ओतून दाखवतो. आमच्याच गाडीत तोच प्रयोग कित्येक महिने चालला होता.

मेकॅनिकने विचारलं, ‘हा फिल्टर कोणी बसवला?’

तो आम्हीच बसवला होता. त्याची गोष्ट अशी. मार्चमध्ये चाचा म्हणाले होते, ‘डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागतोय, पाणी साचतंय.’ मूळ फिल्टरच्या तळाला पाणी साठायची वाटी होती आणि त्या वाटीत पाणी ओळखणारा सेन्सर. चिऱ्याच्या खाणीत खडी उडून वाटीला चीर गेली होती. तसाच फिल्टर महाग होता. दुकानदाराने वाटी नसलेला, सेन्सरला जागा नसलेला साधा डबा दिला. आम्ही खूश झालो. सेन्सरची वायर कापून चिकटपट्टी लावली. दिवा विझला, आणि आम्हाला वाटलं आजारही गेला.

पाणी येत होतं टाकीच्या झाकणातून. त्याचं रबर फाटलं होतं. शिवाय अर्धी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं. ते थेट इंजिनपर्यंत जात राहिलं. या गाडीला कॉमन रेल इंजिन आहे. ट्रकच्या टायरमध्ये हवा असते साधारण आठ बार, तर या इंजिनात डिझेलवर हजार बारच्या वर दाब असतो. त्या दाबाने डिझेल इंजेक्टरच्या बारीक भोकांतून फवारलं जातं. पाण्याला डिझेलचा ओशटपणा नाही, त्यामुळे आतले भाग घासले जातात, गंजतात. चारपैकी दोन इंजेक्टर खराब झाले होते. फवारा बिघडला, म्हणून ओढ गेली, म्हणून ॲव्हरेज गेलं. चाचांनी एक थेंबही विकला नव्हता.

इंजेक्टरचं काम झाल्यावर कोल्हापुरातल्या फिटरने आमच्यासमोर तीन पर्याय ठेवले. पहिला तोच साधा डबा. तो आम्ही हातातही घेतला नाही. दुसरा गाडीच्या कंपनीचा मूळ फिल्टर, सेन्सरसह. तिसरा थोडा मोठा, वेगळ्या ब्रॅकेटवर बसणारा, खाली पारदर्शक वाटी, सेन्सरला जागा आणि वर हाताने दाबायचा पंप.

या वेळी आम्ही किंमत शेवटी विचारली. आधी विचारलं ते हे. किती बारीक गाळतो? टाकी आणि फीड पंपाच्या मधला पहिला फिल्टर थोडा भरड हवा, साधारण 10 ते 30 मायक्रॉनचा. तिथे फार बारीक फिल्टर लावला तर पंपाला डिझेल ओढताना धाप लागते. पंपानंतरचा दुसरा मात्र अगदी बारीक हवा, 3 ते 5 मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. दुसरा प्रश्न, ताशी किती लिटर सोसतो? इंजिन जेवढं जाळतं त्याहून पंप बरंच जास्त ओढतो आणि उरलेलं टाकीत परत पाठवतो. म्हणून फिल्टर ॲव्हरेजवरून निवडायचा नसतो, पंपाच्या ओढीवरून निवडायचा असतो. तिसरा प्रश्न, पाइपांची मापं जुळतात का? टाकीकडच्या बाजूला सांधा जरा सैल राहिला तर डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते आणि दोष सापडता सापडत नाही. चौथा प्रश्न, वाटी चासीच्या खाली लोंबणार तर नाही? खडीचा अनुभव आम्हाला आला होताच.

दुसरा आणि तिसरा, दोन्ही पर्याय या प्रश्नांना उतरले. फिटर म्हणाला, ‘बोला, कुठला बसवू?’ आम्ही म्हणालो, ‘उद्या सांगतो.’

त्या संध्याकाळी मगरिबनंतर आम्ही चाचांच्या घरी गेलो. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे. ती आम्ही लहानपणापासून वाचत आलो. पण आम्ही ज्यांच्यावर संशय घेतला, त्यांच्याच दारात उभं राहिल्यावर पायांना तिचं वजन कळलं. आम्ही म्हणालो, ‘चाचा, तुम्ही मार्चमध्ये सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही. वर तुमच्याबद्दल वाईट विचार केला. माफ करा.’

चाचांनी लगेच ‘जाऊ दे’ म्हटलं नाही. म्हणाले, ‘पैशाचा हिशेब मागितलात याचं वाईट नाही वाटलं. मालकाने मागावा. पण घाटात मी जिवंत आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत, बेटा.’

आम्ही खाली मान घालून बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनीच विचारलं, ‘फिल्टर कुठला घेताय?’ आम्ही दोन्ही पर्याय सांगितले. ते म्हणाले, ‘ज्यातलं डोळ्यांनी दिसतं तो घ्या. दिवा बिघडू शकतो, वायर कोणी कापूही शकतो. वाटीत पाणी आहे की नाही, ते मी बॅटरी मारून रोज बघेन.’

तिसरा पर्याय बसवला. सेन्सरची वायर जोडली, झाकणाचं रबर बदललं. टाकी रात्री भरून ठेवायची असं ठरलं. फिटरने चाचांना दोन गोष्टी बजावल्या. एक, बारीक फिल्टर बदलताना त्यात कॅनमधलं डिझेल ओतायचं नाही, हातपंपानेच भरून हवा काढायची. दोन, इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या पाइपाचा नट कधीही ढिला करायचा नाही, त्या दाबाची धार कातडी फोडून आत शिरते.

ॲव्हरेज पुन्हा साडेपाचच्या जवळ आलं आहे. आता दर जुम्याला सकाळी चाचा वाटीतलं पाणी काढतात. ते गटारात न सोडता बाटलीत भरून ठेवतात. पहिल्या जुम्याला ते बाटली घेऊन दारात आले. अम्मी म्हणाली, ‘आधी आत या.’ चाचांनी बाटली उंबऱ्याबाहेर ठेवली, चपला काढल्या आणि आत येऊन त्यांच्या नेहमीच्या जागी बसले.