घाटावरचा माणूस आणि पोवळे

आम्हां घाटावरच्या माणसांना समुद्र तसा परकाच. साताऱ्याच्या माणसाला डोंगर विचारावेत, सांगलीकराला हळद, ऊस आणि कृष्णेचे पाणी विचारावे. समुद्राचे नाव निघाले की आमची धाव आठवडी बाजारातल्या सुक्या बोंबलापलीकडे जात नाही. माझे बालपण साताऱ्यात गेले, शिक्षणासाठी मी सांगलीत आलो. या दोन्ही गावांत मला पोवळे भेटले ते दोनच ठिकाणी : आत्याच्या अंगठीत आणि वैद्यांच्या पुडीत. आत्याला मंगळ कडक म्हणून लाल पोवळे, आणि आजोबांच्या आम्लपित्तावर प्रवाळभस्म! ही वस्तू समुद्रात कोणी प्राणी घडवतो, हे घरात कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

पुढे महाविद्यालयाची सहल मालवणला गेली. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तोंडावर काच बांधून आम्ही पाण्यात डोकावलो. चित्रांतले रंगीबेरंगी उपवन तेथे नव्हते. गढूळसर पाण्यात तपकिरी, हिरवट गोळे दिसत होते आणि त्यांच्या आडोशाला लहान लहान मासे खेळत होते. एका मित्राने दमून पाय खाली सोडले, तोच होडीवाला तरुण ओरडला, "हय पाय ठेवू नकात, ता जिवंत आसा!"

त्या शब्दांनी मला ग्रंथालयाची वाट धरायला लावली. तेथे कळले, की तो गोळा म्हणजे हजारो इवल्या जीवांची वसाहत असते. प्रत्येक जीव स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतो. असा गोळा वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ढोपराएवढा गोळा आजोबांच्या वयाचा! आत्याच्या अंगठीतले लाल पोवळे निराळ्या जातीचे, बहुधा भूमध्य समुद्रातले. पण घराणे तेच. समुद्रतळाचा एक टक्काही भाग या प्रवाळांनी व्यापलेला नाही, तरी समुद्रातल्या सुमारे चतुर्थांश जीवजाती त्यांच्या आश्रयाने राहतात. भारतात दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. त्यांचा तुकडा मोडून आणणे हा गुन्हा आहे.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि तो मला खोटा वाटत नाही. कोयनेच्या धरणापायी ज्यांची गावे पाण्याखाली गेली, नंतर १९८५ साली ज्यांच्या रानावर अभयारण्य आले, त्या लोकांच्या जिल्ह्यात मी वाढलो. 'राखायचे' म्हणून जाहीर झाले की पहिली धास्ती कोणाला वाटते, हे आम्हांला कोणी सांगायला नको. रापण ओढणाऱ्या माणसाचे वैर प्रवाळांशी नाही. तळ खरवडून काढणारी ट्रॉलरची जाळी, खडकांवर टाकलेले नांगर, टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्या, किनाऱ्यावरून येणारा गाळ आणि मैला, आणि आमच्यासारख्या हौशी पर्यटकांचे पाय, हे खरे वैरी. तारकर्लीच्या प्रशिक्षण केंद्रात पाणबुडीची विद्या शिकलेले स्थानिक तरुण आज पाहुण्यांना समुद्र दाखवून चार पैसे मिळवतात. ज्याची चूल प्रवाळांवर पेटते तो त्यांचा उत्तम राखणदार होईल. मात्र होड्यांच्या संख्येला काही मर्यादा हवी.

पण सर्वांत मोठा वैरी होडीतून येत नाही. प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. तेच त्यांना अन्न आणि रंग देते. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हे शेवाळ बाहेर टाकले जाते. प्रवाळ पांढरा पडतो आणि पाणी वेळेवर निवले नाही तर उपाशी मरतो. १९९८ साली लक्षद्वीपची प्रवाळबेटे अशीच पांढरी पडली. २०२४ साली जगभर पुन्हा तोच प्रकार झाला. शास्त्रज्ञांनी त्याला जगातील चौथे महाविरंजन म्हटले.

हा तापलेला अरबी समुद्र सांगलीला खरोखर परका आहे काय? तो तापल्यापासून त्याच्यावरून येणारा पाऊस अधिक लहरी आणि अतिवृष्टीचा होत चालला आहे, असे हवामानशास्त्रज्ञ सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. त्या एका पुराचे सारे खापर समुद्रावर फोडता येणार नाही. आडवी धरणे आहेत, नदीपात्रातली बांधकामे आहेत. तरी गावभागात ज्यांनी माळ्यावर बसून रात्री काढल्या, त्यांना तरी पोवळ्याचे दुःख अगदीच दूरचे वाटू नये.

मग आपण करायचे काय? मालवणला जाऊ तेव्हा पाय टेकू नये, शंख-प्रवाळ उचलू नयेत, नांगर खडकावर टाकणाऱ्या होडीत बसू नये. किल्ल्याच्या तटाइतकाच त्याच्या पायाशी असलेला जीव जपावा. घरी वीज, पेट्रोल जपून वापरावे. एकट्याने ते पुरणार नाही, म्हणून मत मागायला येणाऱ्यालाही याबद्दल विचारावे. आणि महाबळेश्वरी एवढे आठवावे, की तेथे उगम पावणारी कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते, तर सावित्री बाणकोटपाशी अरबी समुद्राला. आमच्या डोंगरावर फेकलेली पिशवी दोन्हीकडच्या समुद्रांची वाट चालू लागते.

आत्याच्या बोटातली अंगठी काही मी काढायला लावणार नाही. ती पिढी आपल्या श्रद्धेने जगली. पण माझ्या पत्रिकेत मंगळ निघाला, तर त्याची शांत दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने करावी, असे मी घरी आत्ताच सांगून ठेवले आहे.