नंतरचा शिक्का

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मला लांबचं लख्ख दिसू लागलं. राजोडीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की पार आत गेलेल्या होड्यांचे बावटे ओळखू येतात. जवळचं मात्र चष्म्याशिवाय धूसर, आणि भिंगाखाली धरलं तरी लोखंडावरचा बारीक उठाव पूर्वीसारखा डोळ्यांत भरत नाही. संगीन पारखणाऱ्याचं सगळं काम वीतभर अंतरावरचं. म्हणून हल्ली मी आधी अंगठ्याचं नख फिरवतो, मग भिंग घेतो.

ब्रिटिश संगिनीच्या १९०७च्या नमुन्यावर काय काय कोरलेलं असतं ते सांगत बसत नाही. मुकुट, साल, महिना, कारखाना, उलट्या बाजूला सरकारी बाण आणि पातं वाकवून तपासल्याची फुली. हे माझा पुतण्या मोबाईलवर दहा मिनिटांत जुळवतो. अडतं ते त्याच्या पुढे: यातली आधीची खूण कोणती आणि नंतरची कोणती?

कारण आपल्याकडे सापडणारी संगीन सहसा एकदाच घडलेली नसते. पातं विल्किन्सन कारखान्याचं, १९१७चं, १७ इंच लांब. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात अशी कितीतरी पाती कापून १२ इंचांवर आणली. मूळ पात्यात पन्हळ टोकाच्या बरीच आधी संपते. कापलेल्यात ती नव्या अणीजवळ जाऊन भिडते. पण भंगारवाल्याने ग्राइंडरवर कापलेल्या पात्यातही ती तशीच भिडणार! मग मी अणीचा उतार बघतो. पाठीकडून आणि धारेकडून एका हिशेबाने उतरवलेला आहे का, ओरखडे एकाच दिशेचे आहेत का, म्यानही त्या मापाचं आहे का. घाईत कापणाऱ्याला म्यानाची आठवण राहत नाही.

शिक्क्याचं प्रकरण याहून चिवट. उमेदीची वर्षं मी वसईतल्या एका टूलरूममध्ये पंच आणि डाय करण्यात घालवली. पंच लोखंडात उतरतो तेव्हा लोखंड नाहीसं होत नाही, बाजूला सरकतं आणि अक्षराच्या कडेला बारीक वरंबा उठतो. संगीन म्यानात आतबाहेर होते, जवान तेलाचं फडकं मारतो, वर्षानुवर्षांत तो वरंबा सपाट होतो. नख अडलं तर शिक्का ताजा. दुसरी खूण गंजाची. जुन्या शिक्क्यात गंजाचा खड्डा अक्षराची रेघ खातो. उशिरा मारलेल्यात अक्षराची रेघ खड्ड्यात उतरते.

इतकं कळलं की माणूस स्वतःला पारखी समजू लागतो, आणि तिथेच सगळे घसरतात. उशिरा मारलेला म्हणजे खोटा नव्हे. पलटणीचा क्रमांक, दुरुस्तीची खूण, पुन्हा वाटप झाल्याचं साल हे सगळं गंजलेल्या पात्यावरही रीतसर मारलं जायचं. खड्ड्यात उतरलेली रेघ एवढंच सांगते की गंज आधीचा. हातोडा शस्त्रागारातला होता की बाजारातला, हे ती सांगत नाही. त्यात आमच्या राजोडीचा वारा. खाऱ्या हवेत कपाटावर ठेवलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत असं दिसतं की मुंबईचा ग्राहक त्याला शंभर वर्षांचं म्हणेल. लाल, बोटाला लागणारा गंज मी वयाचा पुरावा धरत नाही. काळपट, घट्ट बसलेला असेल तरच विचार करतो.

बाजारात मात्र पुराव्याआधी कहाणी विकली जाते. वसईत प्रत्येक जुनं पातं किल्ल्यातलं आणि पोर्तुगीजांचं. किल्ला मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने घेतला. पोर्तुगीज संगिनीच्या पात्यावर जर्मनीतल्या सिमसन कंपनीचं नाव असेल तर तो १९०४चा नमुना, किल्ल्याशी त्याचा संबंध नाही. मराठा पलटणीच्या नावाने तर सर्रास फसवणूक चालते. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात होत्या, एप्रिल १९१६ मध्ये तिथे शरणागती झाली. ईशापूर कारखान्याचा १९४१चा शिक्का असलेली संगीन ‘कुतची’ म्हणून दाखवणाऱ्याचा मला खरोखर संताप येतो. त्या वेढ्यात आपली माणसं उपासमारीने मेली आहेत.

हूक जोडणारे त्याच माळेतले. परजेचा वाकडा हूक १९१३ साली बंद झाला, जुन्यांचेही बहुतेक कापले गेले. म्हणून हूक असलेलीला मोठी किंमत, म्हणून वेल्डिंग. डेहराडूनच्या प्रतिकृतींबद्दल माझी तक्रार नाही, त्या प्रतिकृती म्हणूनच बाहेर पडतात. पुढे कोणी त्यांच्यावर मुकुट ठोकतो, तक्रार त्याच्याबद्दल. आणि बफिंग करून पातं चकचकीत करणाऱ्यांबद्दल, कारण ते खोटं काही करत नाहीत पण खरं पुसून टाकतात.

लोक पुण्याच्या जुन्या बाजारातून, चोर बाजारातून घेतलेली वस्तू फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आणतात. परवान्याचं बघून घ्या, हे मी आधी सांगतो. मग उत्तर ठाऊक असलं तरी बराच वेळ बोलत नाही. त्या शांततेत समोरचा माझ्या तोंडाकडे बघत राहतो आणि ते मला आवडतं. पुतण्या धडाधड बोलून मोकळा होतो तेव्हा मला जे लागतं त्यात शिस्तीची काळजी थोडी आणि मान जाण्याची भीती जास्त असते.

सध्या आमचा वाद एका कापलेल्या विल्किन्सनवर आहे. मुठीच्या बुंध्यावर क्रमांक आहे, रेघा खड्ड्यांत उतरलेल्या. तो म्हणतो, “काका, सरळ खोटी आहे.” मी त्याला म्यानाच्या तोंडचा पत्रा दाखवला. तिथेही तोच क्रमांक, आणि दोन्हीकडच्या ४ची उभी रेघ खाली तुटकी. टवका उडालेला एकच पंच. “दोन्ही एकाच दुपारी ठोकले असतील की,” तो म्हणाला. म्हणणं बिनतोड आहे. तसाच तुटका ४ वेगळ्या घरातून, वेगळ्या वाटेने आलेल्या संगिनीवर मिळाला तर मात्र तो एका शस्त्रागाराचा पंच ठरेल. म्हणून आता कोणीही फडकं सोडलं की कारखाना, साल राहू दे, मी आधी बुंध्यावर ४ आहे का ते बघतो.