आज्ञा कोणाची?

२३ डिसेंबर २०१५ ची दुपार. पश्चिम युक्रेनमधील इव्हानो-फ्रांकिव्स्क शहरी वीजवितरणाच्या नियंत्रणकक्षात बसलेल्या ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत संगणकाच्या पडद्यावरील बाण आपण होऊन हलू लागला. माऊसला कोणाचा हात लागलेला नव्हता. बाण एका उपकेंद्राच्या ब्रेकरपाशी गेला, ब्रेकर उघडला, आणि तेवढा प्रदेश अंधारला. ऑपरेटरने तो आवरू पाहिला, तो जुमानेना. थोड्याच वेळात यंत्रणेने त्यालाच बाहेर काढले. पुन्हा आत शिरू जाता पासवर्ड बदललेला. त्या दिवशी तीन कंपन्यांच्या मिळून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली.

मोडतोड म्हणावी, तर ब्रेकरने आपले काम चोख बजावले होते. आज्ञा आली, ती पाळली गेली. ती कोणाची, हे विचारण्याची सवयच या यंत्रांना नाही. त्यांच्या आपसांतील भाषांपैकी मोडबस ही १९७९ ची. तिच्या मूळ संदेशात कोणत्या यंत्राने काय करावे याला जागा आहे. सांगणारा खरा की तोतया, हे पारखायला नाही. मराठेशाहीत पत्राच्या अखेरीस मोर्तब होई, ते मागाहून कोणी ओळ घुसडू नये म्हणून. मोडबसच्या कर्त्यांना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. त्या काळी तारा कारखान्याच्या आवारातच राहत; भिंत हाच शिक्का होता.

युक्रेनमध्ये तर शिक्काही चोरीला गेला होता. कित्येक महिने आधी ई-मेलसोबत आलेले दस्तऐवज कचेरीतील कोणी उघडले, आणि तेथून हल्लेखोर ऑपरेटरांच्या पासवर्डांपर्यंत पोचले. बाहेरून येणाऱ्यासाठी दुसरी खूण मागितली जात नव्हती. ती मागणे, कचेरीचे आणि यंत्रांचे जाळे अलग राखणे, हे उपाय आवश्यकच. पण पहारा फसल्यावर काय, हा प्रश्न त्यांच्याही पुढचा आहे. कारण हल्लेखोरांनी जाता जाता उपकेंद्रांशी बोलणाऱ्या उपकरणांतील अंगभूत आज्ञावलीही बिघडवून टाकली होती. दुरून ब्रेकर लावण्याची वाट खुंटली.

तेव्हा माणसे गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी ब्रेकर हाताने लावले. एक ते सहा तासांत वीज परतली. ही यंत्रणा इतकी आधुनिक झालेली नव्हती की हाताला कामच उरू नये. अधिक सुधारलेल्या देशांत ही सोय सर्वत्र असेलच असे नाही. नियंत्रणकक्ष मात्र दोन महिने उलटले तरी पूर्ववत झाले नव्हते, आणि ब्रेकर माणसेच हाताने चालवीत होती.