साइडपट्टीवरचे सभासद

जिल्ह्याच्या गावात सायकल संघटना निघते ती बहुधा रविवार सकाळची. हेल्मेट घातलेले डॉक्टर, वकील, दोन-तीन प्राध्यापक. हिंगोलीहून औंढ्याला नाहीतर नर्सीला जायचं, नाश्ता करायचा, फोटो काढायचा. त्यात वाईट काही नाही. पण रस्त्यांच्या आखणीत नोकरी घालवलेल्या माझ्यासारख्याला एक गोष्ट खटकते. रविवारी सकाळी रस्ता मोकळाच असतो, त्यामुळे या मंडळींना रस्त्याकडे काही मागावंच लागत नाही. आणि मागणं नसलेल्या संघटनेचे सभासद वाढले, तरी टी-शर्टापुरतेच वाढतात.

मागणं असलेली माणसं सोमवारी सायकलवर दिसतात. मोंढ्यातला हमाल, दूधवाला आणि मुख्य म्हणजे शाळेच्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत हवं. आपला जिल्हा त्या कार्यक्रमात आहे. सायकल मिळाली, पण ती चालवायची कुठून, हे कोणत्याच खात्याच्या यादीत नाही. मुलगी डांबराच्या कडेनं निघते. मागून ट्रक हॉर्न देतो, ती खाली उतरते आणि साइडपट्टी डांबरापेक्षा वीतभर खोल. परत वर चढताना चाक कडेला घासतं आणि ती पडते, तीही बहुतेकदा ट्रकच्या बाजूला. म्हणून आपल्याकडे सायकलची सोय म्हणजे रंग मारलेली पट्टी नव्हे. डांबराच्या पातळीला आणलेली, मुरूम दाबून पक्की केलेली, बाभळी छाटलेली साइडपट्टी मिळाली तरी निम्मं काम होतं.

ती मागायची कशाच्या जोरावर? इंडियन रोड्स काँग्रेसनं १९६२ सालीच सायकल मार्गांचं मानक काढलं होतं. गर्दीच्या तासाला ४०० सायकली आणि मोटारवाहनं १०० ते २०० असतील, तर वेगळा मार्ग द्यावा. वाहनं २०० च्या वर गेली, तर १०० सायकलीही पुरतात. मानक २०१५ मध्ये नव्यानं लिहिलं गेलं, पण बोलणी सुरू करायला हा जुना हिशेब मला अजून आवडतो. अकोला-नांदेड महामार्गालगतच्या शाळेसमोर २०० वाहनं भरायला तास लागत नाही. राहतात १०० सायकली. शाळा सुटताना फाटकाशी उभं राहायचं, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने आखायचे आणि रेघा ओढायच्या. हे काम मुलींनाच द्यावं. जी मुलगी मोजते, तिच्या घरचं कोणीतरी पुढच्या बैठकीला येतं, असा माझा अंदाज. संघटनेच्या नोंदणीला कायद्यानं सातच सभासद लागतात. पण अधिकारी नोंदणी क्रमांक वाचत नाहीत, मोजणीचा तक्ता मात्र वाचतात.

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यांत चारशेहून अधिक लेकरं होती. त्या संतापातून आईबापांची चळवळ उभी राहिली आणि १९७५ मध्ये सायकलस्वारांची संघटना निघाली. तिच्यामागे हौसेपेक्षा भीती होती. पुण्यात ‘परिसर’ ही संस्था १९८१ पासून सायकलसाठी भांडते आहे. तिथं बीआरटीच्या रस्त्यांलगत सायकल मार्ग बांधले गेले, पण ते तुटक. मध्येच खांब, मध्येच उभ्या गाड्या. महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला तो डिसेंबर २०१७ मध्ये. पैसा आधी आला आणि रोज तिथून जाणाऱ्यांना विचारणं मागून, असं मला त्या सगळ्यात दिसतं. हिंगोलीला पैसा नाही, तेव्हा विचारण्यापासून सुरुवात करायला आपण मोकळे आहोत.

अर्ज कुठं द्यायचा, यात मात्र माणसं थकतात. गावातला रस्ता नगरपरिषदेचा, खेड्याकडचा जिल्हा परिषदेचा, मोठा सार्वजनिक बांधकामचा, महामार्ग केंद्राचा. चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीला द्यावा. तिथं सगळे एका टेबलाला असतात. एकाच रस्त्याचा, एकाच किलोमीटरचा अर्ज. जिल्हाभरचं मागितलं की फाइल जाड होते आणि जागची हलत नाही.

वर्गणी दहा रुपये पुरे, आणि पहिला सभासद पंक्चरवाला करावा. कोणत्या वळणावर रिम वाकतात, कोणत्या पुलाजवळ काचा पडतात, पावसाळ्यात कोणता खड्डा पाण्याखाली दिसत नाही, हे त्याच्याइतकं माझ्या खात्यात कोणाला ठाऊक नव्हतं.