चार्जिंग किती पुरते?

एटापल्लीत कुणाकडे नवी वस्तू आली की पहिला प्रश्न किमतीचा नसतो. किंमत नंतर विचारतात, तीही आडून. आधी वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करतात, मागचे झाकण उघडते का ते बघतात आणि म्हणतात, ‘चार्जिंग किती पुरते?’ टॉर्चला हाच प्रश्न, फोनला हाच, फवारणीच्या पंपालाही हाच. मी हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर घेतला तेव्हा शिक्षक-खोलीपासून घरमालकीणबाईंपर्यंत सगळ्यांनी तेच विचारले. मुख्याध्यापक सरांचा एक प्रश्न जास्तीचा होता. ‘मॅडम, पोरासाठी घेतला का?’ नाही सर, माझ्यासाठी.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मध्ये सात इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना धरायला मुठी, अंगठ्यांखाली दोन फिरत्या काड्या, बोटांखाली बटणे. दिसायला खेळणे, पण आत पुरा कॉम्प्युटर. त्यावर पीसीचे गेम चालतात, एक्सेल चालते आणि वेळ आली की शाळेची यू-डायसची माहितीही भरता येते. माझ्या भाड्याच्या खोलीत टेबल नाही, एक पलंग आणि एक खुर्ची आहे, आणि खुर्चीवर कपडे असतात. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले की मांडी भाजते. हे यंत्र आडवे पडूनही धरता येते.

हातातल्या खेळाची माझी ओळख मात्र मार्कंड्याच्या जत्रेतली. महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर ती भरते, आणि आमच्या आरमोरीकडची माणसेही जातात. नव्वदच्या दशकाचा मधला काळ असेल. बाबांनी तिथून भावासाठी करड्या रंगाचा एक ‘व्हिडिओ गेम’ आणला. वर छापले होते, ९९९९ गेम. प्रत्यक्षात खेळ मोजके, बाकी सगळी वेगाची फिरवाफिरव. मुख्य खेळ वरून पडणारे ठोकळे रचायचा. मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली तो तयार केला होता, आणि चिनी कारखान्यांतून फिरत फिरत तो आमच्या जत्रेत फुगे आणि पिपाण्यांच्या शेजारी येऊन बसला होता.

त्याला दोन पेन्सिल सेल लागत. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. रात्री खेळायचे तर कंदिलाजवळ तिरपा धरायचा. सरळ धरला की काच चमकायची आणि ठोकळे दिसेनासे व्हायचे. सेल उतरायला लागले की आधी आवाज चिरका व्हायचा, मग ठोकळे फिकट पडायचे. मग भाऊ सेल काढून दाढेखाली चावायचा, नाहीतर कवेलूंवर उन्हात ठेवायचा. दोन्ही उपायांनी थोडा वेळ मिळायचा. तोही संपला की त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जायची. घड्याळात सेल एकच, खेळाला लागतात दोन. पण एक ताजा आणि एक चावलेला मिळून भागायचे. आई बांधीवरून परतायची, घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, ‘आखीन पावनेचारच वाजले का गा?’ भाऊ तोवर गोठ्यामागे.

माझ्या वाट्याला खेळ यायचा तो भाऊ बाहेर गेल्यावर, म्हणजे सेल संपत आले असताना. त्यामुळे मी उतरत्या सेलवर खेळायला शिकले. आवाज बंद करायचा, डाव मध्येच थांबवायचा नाही, आणि फिकट झालेले ठोकळे डोळ्यांपेक्षा अंदाजाने ओळखायचे.

पुढे डी.एड.च्या काळात घरी टॉर्चवाला नोकिया आला, ११०० नंबरचा. ते भारनियमनाचे दिवस होते. शेजारच्या चंद्रपूरला एवढे मोठे औष्णिक केंद्र, आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे, आणि आमच्या गावात संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात भाजी चिरली जायची. त्या फोनमधला साप मी पुष्कळ वाढवला. पण त्या फोनचे खरे कौतुक हे की एकदा भरला की चार-चार दिवस चार्जर विचारायचा नाही. लग्नाला गेले तरी चार्जर घरीच.

तेव्हा मला ठाऊक नव्हते, पण हातातल्या खेळांचा सगळा इतिहास याच एका गोष्टीवर वळलेला आहे. जपानमधल्या निन्टेन्डो कंपनीत गुनपेई योकोई नावाचे एक गृहस्थ होते. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला त्यांनी पाहिला, आणि त्यातून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ निघाला, असे सांगतात. योकोईंचे म्हणणे साधे होते. नव्या चमकदार तंत्रज्ञानामागे धावू नका. जे जुने, स्वस्त आणि पक्के झाले आहे, त्याचा उपयोग नव्या जागी करा. १९८९ मध्ये त्यांच्या चमूने गेम बॉय आणला. हिरवट पडदा, रंग नाहीत, आतून उजेड नाही, चार पेन्सिल सेल. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीचा गेम गिअर आला. रंगीत, उजेडाचा पडदा, सगळ्याच बाबतीत सरस. पण त्याला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉय चारच सेलांच्या जिवावर कितीतरी जास्त चालायचा. रंगीत भावंडासकट गेम बॉय सुमारे १२ कोटी खपला, गेम गिअर १ कोटीच्या आसपास थांबला. कारणे आणखीही होती, गेम चांगले होते, किंमत कमी होती. पण आमच्या घरातले घड्याळ बंद पडताना जिने पाहिले आहे, तिला सेलांचे कारण सगळ्यात आधी पटते.

आता निवडीची गोष्ट. माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरचेच काम करतो. तो मला रोज एक व्हिडिओ पाठवायचा. ‘मावशी, याचा फ्रेम रेट बघ. मावशी, याचा पडदा १२० हर्ट्झचा आहे.’ व्हिडिओतली सगळी मंडळी एसी खोलीत, भिंतीला खोचलेल्या चार्जरसह बसलेली. मी मात्र एकच आकडा शोधत होते: बॅटरी किती वॉट-अवरची. फेब्रुवारी २०२२ मध्ये वाल्व कंपनीचा स्टीम डेक आला आणि या जातीच्या यंत्रांची लाट सुरू झाली. त्याची बॅटरी ४० वॉट-अवरची. २०२३ च्या शेवटी आलेल्या ओलेड पडद्याच्या डेकची ५०. पण डेक भारतात कंपनी स्वतः विकत नाही. बाहेरून आणून देणारे दुकानदार असतात. बिघडला तर दाद मात्र कुणाकडे मागायची ते तेही सांगत नाहीत. आसुसचा रॉग अॅलाय जुलै २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला, बॅटरी ४० चीच. लेनोवोचा लीजन गो ८.८ इंचांचा आणि हातातले सुटे भाग धरून ८५४ ग्रॅमचा. आडवे पडून खेळताना तो नाकावर पडला तर काय, हा माझा खरा विचार होता. २०२४ च्या अॅलाय एक्समध्ये बॅटरी थेट ८० वॉट-अवरची झाली, तेव्हा कंपन्यांनाही उशिरा का होईना आमचा प्रश्न ऐकू आला असे वाटले. यातले मी कोणते घेतले ते सांगत नाही, जाहिरात होईल.

हिशेब अवघड नाही. चिप १५ वॉट खाते असे धरा, पडदा, पंखा आणि बाकी सगळे मिळून आणखी सहा-सात. ४० ला बावीसने भागले की दोन तासही होत नाहीत. चिपला पूर्ण मोकळीक दिली, २५ वॉट, तर तास-सव्वा तासात कारभार आटोपतो. उलट साधा गेम लावून चिपला सात-आठ वॉटवर बांधले तर तीन तास निघतात. म्हणून घेतल्यावर मी पहिले काम केले ते वॉटची मर्यादा ठरवायचे. फ्रेम ४० वर, उजेड निम्म्यावर, आवाज बंद. शेवटची सवय जुनीच.

आमच्याकडे विजेचा दाबही मोजकाच. २३० व्होल्टऐवजी कधी पावणेदोनशेही धड नसतात. पंखा मोजता येईल इतका हळू फिरतो, फ्रिज कण्हून बंद पडतो. या यंत्रांचे टाइप-सी अडॅप्टर मात्र १०० ते २४० व्होल्टवर चालणारे, त्यांना काही फरक पडत नाही. फोनच्या नेहमीच्या १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-अवर असतात, त्यातले थोडे वाटेत जातात, आणि ती सावकाश देते. गेम चालू ठेवून त्यावर भर घालायला गेले तर आकडा जागचा हलत नाही. त्याला ६५ वॉटची पॉवर बँकच लागते. आणखी एक, बसने निघताना नुसते झोपवून ठेवू नये. झोप म्हटले तरी या यंत्रांतला कॉम्प्युटर पिशवीत जागा होतो, आणि आलापल्लीला उतरेपर्यंत पिशवी गरम आणि बॅटरी रिकामी. त्यापेक्षा हायबरनेट करावे. सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढा आपल्याकडे असतो.

उन्हाळा हे वेगळेच प्रकरण. जुलै २०२२ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा वाल्वने कळवले होते की डेक ० ते ३५ अंशांत सर्वांत चांगला चालतो, त्यावर गेल्यास स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करेल. माझे सासर चंद्रपूरचे. तिथे मे महिन्यातले ३५ अंश सकाळी चहा होईपर्यंत संपतात, दुपारी ४६-४७. कूलरसमोर धरावे तर कूलरच्या वाऱ्यात ओल, यंत्राचा पंखा ती आत ओढणार. तेव्हा मे महिन्यात पहाटे खेळते. सासूबाईंना वाटते मी योगासने करायला उठते.

शाळेतली मुले हे यंत्र हातात आले की पहिल्यांदा पडद्यावर बोट फिरवतात. त्यांना काच ओळखीची आहे, बटणे नाहीत. दोन्ही काड्या दोन अंगठ्यांनी एकदम ढकलायच्या हे त्यांना शिकवावे लागते, आणि शिकवताना माझे अंगठे मात्र न सांगता जागेवर जातात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ मी त्यांना टीव्हीला जोडून दाखवला. २०२० मध्ये आलेला हा गेम. भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजस्थानी धाटणीचे वाडे, आणि कथा सांगायला दुर्गा आणि विष्णू. मधल्या बाकावरची एक पोरगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मॅडम, ही पोरगी पाणी कधी पिते?’ मी तो गेम पूर्ण संपवला होता. मला हे सुचले नव्हते.

आईला मात्र ‘स्टारड्यू व्हॅली’ आवडला. अमेरिकेतल्या एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने तयार करून २०१६ मध्ये आणलेला शेतीचा गेम. जागा अर्धा जीबीही धड घेत नाही, वॉट तर नावाला खातो. दिवाळीत आरमोरीला गेले तेव्हा तिच्या शेजारी बसून खेळत होते. गेममध्ये धानाची रोपे मिळतात, पाण्याच्या काठाला लावली की पाणी घालावे लागत नाही, आठवड्याभरात लोंब्या. आईने चष्मा पुसून पाहिले.

‘पऱ्हे कुठं टाकले?’

‘टाकायचे नसतात. तयार रोपच मिळते.’

‘आन रोवना?’

‘हाच रोवणा.’

‘येकटाच मानूस? बाया नाही लावल्या?’ मग थोडा वेळ बघून, ‘चिखल बी नाही केला त्यानं.’ तिने पुढे अर्धा तास पाहिले आणि त्या माणसाचा बांध चुकीच्या जागी आहे, हे मला तीनदा सांगितले. गेममध्ये बांध नसतोच. पण तिने दाखवलेल्या जागी मी दगडांची ओळ मांडली तेव्हा कुठे ती चहा ठेवायला उठली.

भामरागडकडच्या नदीपल्याडच्या गावांना पावसाळ्याआधीच रेशनचे धान्य पोहोचवून ठेवतात, कारण पर्लकोटेला पूर चढला की वाट बंद. माझ्या गेमचेही तसेच आहे. आमच्याकडे नेट येते-जाते आणि पावसात जास्त वेळ जाते. म्हणून मे अखेरीस वडशाला भावाकडे राहून, त्याच्या वाय-फायवर सगळे उतरवून घ्यायचे. प्रत्येक गेम तिथेच एकदा उघडून बघायचा, मग नेट बंद करून पुन्हा उघडायचा. काही गेम एकट्याने खेळायचे असूनही दर वेळी इंटरनेट मागतात. ते तिथेच काढून टाकायचे. यंदा भाच्याच्या आग्रहाने ‘रेड डेड रिडेम्पशन २’ यादीत होता. त्याला दीडशे जीबी जागा लागते, आणि चालवायला चिपला पुरते मोकळे सोडावे लागते. रात्रभर लावून सकाळी पाहिले तर तिसरा हिस्साही उतरला नव्हता, आणि वहिनीचे सिरियल अडकत होते. काढला. त्या जागेत ‘हॉलो नाइट’ बसला, ९ जीबी, आणि ठोकळ्यांचा एक गेम. उरलेल्या जागेत सहावीच्या घटक चाचण्या आहेत.