पहारा

आमच्या गांवीं श्रावणांत अखंड हरिनामाचा सप्ताह बसे. सात दिवस आणि सात रात्री वीणा खालीं ठेवावयाची नाहीं, एवढाच त्याचा कडक नियम. दर दोन तासांनीं पहारा बदले. मागल्याच्या गळ्यांतून वीणा निघे आणि पुढल्याच्या गळ्यांत पडे. रात्रीं दोन ते चारचा पहारा कोणासच नको असे. पंधरा वर्षांचा असतांना तो एकदां माझ्या वांट्यास आला. देवळांत समईखेरीज कोणी सोबतीस नव्हतें. पाय दुखत होते. आतां थांबलों तर कोणास कळणार आहे, हा विचार दहा वेळां मनांत येऊन गेला. पण थांबलों नाहीं. भक्तीमुळें म्हणावें तर तसें नव्हे. चार वाजतां पुढला माणूस येणार, या भरंवशामुळें.

त्या पहाऱ्याची आठवण परवां एका परक्या देशांतील चर्चची हकीकत वाचतांना झाली. नेदर्लंड्समधील हेग शहरांत बेथेल नांवाचें एक लहानसें चर्च आहे. आर्मेनियांतून आलेलें एक कुटुंब, आईबाप व तीन मुलें, त्या देशांत वर्षानुवर्षें राहिलें होतें. आश्रयासाठीं केलेली त्यांची मागणी अखेर नामंजूर झाली आणि देशाबाहेर घालविलें जाण्याचा प्रसंग त्यांजवर आला. तेव्हां हें चर्च त्यांच्या पाठीशीं उभें राहिलें. तेथील कायद्यांत एक तरतूद आहे: उपासना चालू असतांना सरकारी अधिकाऱ्यांनीं प्रार्थनामंदिरांत सहसा शिरूं नये. मग उपासना संपूंच दिली नाहीं तर?

२६ ऑक्टोबर २०१८ रोजीं सुरू झालेली ती उपासना ३० जानेवारी २०१९ पर्यंत, म्हणजे ९६ दिवस, अहोरात्र चालली. सहाशेंहून अधिक धर्मोपदेशकांनीं पाळ्या वांटून घेतल्या. पंथापंथांतले मतभेद दाराबाहेर राहिले. कोणी पोलिसांशीं हुज्जत घातली नाहीं, कीं कायदा मोडला नाहीं. त्यांच्यापाशीं उपासना होती. तीच त्यांनीं लांबविली. भ्यालेल्या माणसास उपदेश नको असतो. पुढल्या घटकेसहि कोणी तरी जागें असेल, एवढा विश्वास त्याला हवा असतो.

अखेर सत्तेवरील पक्षांत तडजोड झाली. सुमारें सातशें मुलांच्या प्रकरणांचा फेरविचार करण्याचें ठरलें, आणि पुढें त्या कुटुंबासहि राहण्याची परवानगी मिळाली. त्याच तडजोडींत मात्र संयुक्त राष्ट्रांमार्फत दरसाल घ्यावयाच्या निर्वासितांची संख्या ७५० वरून ५०० वर उतरली. एका दाराशीं मिळालेल्या अभयाची किंमत दूरच्या कोणा अनोळखी माणसांनीं दिली, हेंहि विसरतां येत नाहीं.

हें वाचून मला नुसता आनंद व्हावयास हवा होता. पण त्याबरोबर शरमहि वाटली. २००८ सालीं महाराष्ट्रांत उत्तरेकडील लोकांविरुद्ध आंदोलन पेटलें, तेव्हां आमच्या आळींतला इस्त्रीवाला टपरी बंद करून मागल्या खोलींत बायकामुलांसह बसून होता. रात्रीं दिवासुद्धां लावीत नसे. त्याला आम्ही सारे 'भय्या' म्हणत असूं. त्याचें नांव मला आजहि ठाऊक नाहीं. माझे दोन सदरे मात्र त्याच्यापाशीं अडकले आहेत, हें मला पक्कें ठाऊक होतें! त्याचें दार वाजवावें, दूधभाजी आणून द्यावी का, एवढें विचारावें, असें रोज मनांत येई. पण मी एकटा काय करणार, असें म्हणून मी खिडकी लावून घेईं. आठव्या दिवशीं त्याच्या खोलीस कुलूप दिसलें. कोपऱ्यावरच्या वाण्यानें मला हांक मारून माझे सदरे हातीं दिले. इस्त्री नीट केलेली होती. मजुरी घ्यावयास तो थांबला नव्हता.

एकट्याच्यानें फारसें कांहीं झालें नसतें, हें खरेंच आहे. पण आमच्या आळींत चाळीस घरें होतीं. प्रत्येकानें दोन तास त्याच्या ओट्यावर नुसतें बसून काढले असते, तरी तीन दिवस आणि तीन रात्री सहज निघाल्या असत्या. आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयास कोणाची मनाई नव्हती. पहिला पहारा तेवढा कोणी तरी उचलावा लागतो. माझी खिडकी त्याच्या दारासमोर होती. तेव्हां तो माझाच होता.